गुणाकारावरचा माझा विश्वास

दर्जा नियंत्रणाच्या आखणीत आकड्यांइतकं निःपक्षपाती काही नाही, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. आज ते तसं राहिलेलं नाही.

गुजरातमधल्या सावलीचं नाव बाहेर पोचलं ते दिल्ली मेट्रोच्या डब्यांमुळे. बॉम्बार्डिअरने उभारलेला त्या डब्यांचा कारखाना २०२१ पासून अल्स्टॉमकडे आहे. इथल्याच मंजुसर जीआयडीसीत आमच्या शेडमध्ये बांधकाम-यंत्रांचे बूम आणि आर्म वेल्ड होतात. कुठला धोका आधी हाताळायचा, हे आम्ही एफएमईएच्या, म्हणजे संभाव्य दोषांच्या विश्लेषणाच्या, तक्त्यावरून ठरवायचो. गांभीर्य, वारंवारिता आणि दोष सापडण्यातली अडचण, प्रत्येकाला १ ते १० गुण आणि तिन्हींचा गुणाकार. रंगाचा ओघळ ३×६×५, म्हणजे ९०. बूमच्या जोडातली भेग ९×२×४, म्हणजे ७२. मीटिंगमध्ये पहिला नंबर रंगाचा लागायचा आणि मलाही ते रीतसर वाटायचं.

२०१९ मध्ये एआयएजी आणि व्हीडीए या वाहन उद्योगाच्या संघटनांची एफएमईएवरची संयुक्त पुस्तिका आली. तिने हा गुणाकारच बाजूला सारला आणि गांभीर्याला पहिला मान दिला. ती मी वाचली, पण मत खरं हललं ते शॉपवर. पावसाळ्याचे दिवस होते. एका जुन्या वेल्डरने विचारलं, ‘‘साहेब, रॉड ओव्हनमधून कधी काढला, ते कोणी लिहितं का?’’

७०१८ चा वेल्डिंग रॉड दमट हवेत ओलावा धरतो. त्यातून वेल्डमध्ये हायड्रोजन शिरतो आणि जाड, कडक प्लेटला भेग पडते ती कधी कधी दुसऱ्या दिवशी. वेल्ड गार होताच अल्ट्रासॉनिक तपासणी केली, तर रिपोर्ट स्वच्छ! सापडण्याच्या अडचणीला आम्ही दिलेले ४ गुण या भेगेला लागूच पडत नव्हते. आणि तो बूम ज्याच्या डोक्यावरून फिरणार, तो मजूर आमच्या गुणाकारात कुठेच नव्हता.

आता गांभीर्य ९ किंवा १० असेल, तर पुढचे आकडे मी नंतर बघतो. रॉड बाहेर काढल्यापासून ४ तासांची मुदत, प्रीहीटची टेम्प स्टिकने तपासणी, अल्ट्रासॉनिक ४८ तासांनी, हे सगळं कंट्रोल प्लॅनमध्ये आहे. जागा अडते, महिनाअखेरीला डिस्पॅच खोळंबतो, ही प्रॉडक्शनची तक्रार रास्त आहे. तरी त्या ४८ तासांतला एकही तास मी सोडत नाही. रंगाच्या तक्रारी अजून येतात, त्या आम्ही पुढच्या आठवड्यात घेतो.