पांधण, सायकल आणि माझी दोन तासं

आज फवारणीचं नाही, भावाचंही नाही. आज सायकलीवर लिहितो. हसू नका, शेवटी मुद्दा शेतीचाच आहे.

दोन वर्षांआधी तपासणीत साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज तासभर चाला, नाहीतर सायकल चालवा. चालायला गुडघा तयार नव्हता. बाबांची काळी सायकल कोठ्यात धूळ खात पडली होती. टायर-ट्यूब नवे टाकले, ब्रेकचे रबर बदलले आणि गाडी घरी ठेवून सायकलीनं शेतात जाणं सुरू केलं. घरून शेत पावणेचार किलोमीटर. थोडा डांबरी, बाकी सगळी वणा नदीकडं जाणारी मुरुमाची पांधण.

पहिल्या आठवड्यात चौकातल्या माणसांनी सोडलं नाही. "का जी भाऊ, पेट्रोल परवडून नाही राहिलं का?" मी म्हटलं, साखर परवडून नाही राहिली.

आपला भाग सपाट. चढ म्हणाल तर नाल्यावरच्या रपट्याचा तेवढा. म्हणून बिनगिअरची सायकल चालते. त्रास चढाचा नाही, वाऱ्याचा आणि बाभळीच्या काट्याचा. मुरुमावर टायर टम्म फुगवू नका, सायकल उडते आणि कंबर धरते. थोडी हवा कमी ठेवली की टायर खड्यावर बसून चालतो. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात अशी भरते की चाक फिरतच नाही. म्हणून हँडलला एक काडी बांधून ठेवतो, चिखल काढायला.

दिवाळीत पुतण्या पुण्याहून आला, त्याची नवी सायकल घेऊन. तिला ग्रॅव्हल बाईक म्हणतात म्हणे, म्हणजे गिट्टी-मुरुमाच्या रस्त्याची सायकल. किंमत ऐकून आमची मंडळी म्हणाली, "एवढ्यात गोऱ्ह्यांची जोडी येते." पुतण्यानं कौतुकानं टायर दाखवला, रुंदी ४० मिलिमीटर. मी बाबांच्या सायकलीचा टायर पाहिला, त्यावर २८ गुणिले दीड इंच लिहिलेलं. दीड इंच म्हणजे जवळपास तेवढाच! कच्च्या रस्त्याला काय लागते ते त्या जुन्या काळ्या सायकलीला आधीच माहीत होतं.

त्यानंच सांगितलं, अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाच्या गावातून २००६ पासून अशा कच्च्या रस्त्यांची शर्यत निघते. मुख्य शर्यत २०० मैलांची, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. रस्ते कोणते, तर शेतकऱ्यांचे आणि गुरं पाळणाऱ्यांचे. तिथल्या चकमकीच्या दगडानं टायर फाटतात. आपल्याकडं ते काम बाभूळ करते.

आता फायद्याचं सांगतो. गाडीवरून पीक हिरवं की पिवळं एवढंच दिसते. सायकलीवरून पान दिसते. पहिल्याच वर्षी सप्टेंबरात पांधणीच्या कडेच्या तासात मला गुलाबासारखी मिटलेली फुलं दिसली. उतरून एक उकललं, तर आत गुलाबी बोंडअळी. डोमकळ्याच होत्या. त्याच दिवशी कामगंध सापळे पाहिले. सलग तीन रात्री सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग म्हणजे उपाय करायची वेळ, हे आपण सगळे ऐकून आहोत, पण मोजत कोण होतं? डोमकळ्या वेचून नष्ट केल्या आणि फवारणी वेळेवर झाली. गाडीवर असतो तर बोंड फुटल्यावरच समजलं असतं.

पण सायकलीनं आणखी एक दाखवलं. ते सांगायला लाज वाटते, तरी सांगतो.

मागच्या जुलैत माझ्याच धुऱ्याजवळ सायकल चिखलात रुतली आणि मी आडवा झालो. कोपर सोललं. उठून पाहिलं, तर पूर्ण पांधणीत पाणी फक्त तिथंच साचलेलं. मागं मुरूम कडक, पुढं मुरूम कडक, माझ्या शेतापुरता सहाशे फूट गाळ. ओला बसलो आणि विचार केला, इथंच काहून?

कारण मला माहीत होतं. पांधणीच्या कडेनं नाली होती. बाबांनी एक तास वाढवलं, तेव्हा ती अर्धी बुजली. मी दुसरं वाढवलं, तेव्हा पूर्ण बुजली. तीन फुटाचं एक तास, दोन तासांचे सहा फूट. आणि काळ्या मातीचं असं आहे की पाण्याला वाट नसली की ती फुगते आणि वरचा मुरूम गिळते. कितीही ट्रॉल्या टाका. मी दोनदा टाकला होता आणि दोन्ही वेळा मुरूमवाल्याला नावं ठेवली होती.

माझ्या पुढं नदीच्या अंगाला एका बापूंचं शेत आहे. २०२२ च्या जुलैत वणेनं काय रूप दाखवलं ते हिंगणघाटवाल्यांना सांगायला नको. त्या वर्षी आमची पांधण दिवाळीपर्यंत सुकली नाही. बापूंची बंडी याच जागी फसली, बैलाचा पाय मुरगळला. पहिल्या वेचणीचा कापूस त्यांनी गाठोडी करून डोक्यावर काढला. मी तेव्हा मदतीला गेलो होतो. चार गाठोडी उचलून दिली आणि मनात म्हटलं, किती उपकार केले.

पडल्याच्या दुसऱ्या दिवशी बापूंकडं गेलो. म्हटलं, बापू, तुम्ही कधी बोलले काहून नाही? ते तंबाखू मळत म्हणाले, "तुमच्या बापानं एक तास घेतलं, तवा माह्या बाप बोलला नाही. तुम्ही दुसरं घेतलं, मी बोललो नाही. तिसरं तुमचा पोरगा घेईन, तवा माह्या पोरगा बोलन. पण तो कोर्टात बोलन."

मला उत्तर सुचलं नाही.

गाव नकाशा काढला. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं दाखवतात, पायवाट एकेरी तुटक रेषेनं. आमची पांधण दुहेरी, म्हणजे साडेसोळा फूट तरी पाहिजे. टेप लावला तर माझ्या शेताजवळ दहा फूट भरली. बापूंनी टेपचं दुसरं टोक धरलं होतं, बोलले काही नाही.

आपल्या हिंगणघाटात लॅम्बटन साहेबाची कबर आहे. १८०२ मध्ये मद्रासकडून त्यानं भारताची मोजणी सुरू केली, साखळीनं आणि कोनांनी मोजत वर आला आणि १८२३ च्या जानेवारीत इथं वारला. मोजणी करणारा माणूस ज्या मातीत झोपला, त्याच मातीत आम्हाला बापलेक मिळून सहा फूट मोजायला दोन पिढ्या लागल्या.

हिशेबही केला. सहाशे फूट लांब, सहा फूट रुंद, म्हणजे सव्वातीन गुंठे. एकरी आठ क्विंटल धरला तर साठ-पासष्ट किलो कापूस. एवढ्यासाठी मी पाच शेतकऱ्यांची वाट अडवून बसलो होतो, आणि त्यात माझीही होती.

या मे महिन्यात दोन्ही तासं सोडली. जेसीबीनं नाली काढली, मधात रस्ता उंच केला, पाणी मारून दाबला आणि मग वर मुरूम टाकला. वर्गणी पाच जणांनी केली. पोरगा दोन दिवस घुश्शात होता, "अन् समोरच्यानं नाही सोडलं तर?" समोरच्यानं अजून सोडलंही नाही. त्याला मी काही म्हणत नाही. बापूंकडून तेवढं शिकलो.

पण ज्यांना बोलल्याशिवाय गत्यंतर नाही त्यांनी गप्पही बसू नये. अडवलेल्या वाटेसाठी तहसीलदाराकडं मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ चे कलम ५ आहे, आणि बांधावरून नवी वाट पाहिजे असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. आधी मात्र चहावर बोलून पाहा, स्वस्त पडते.

या पावसाळ्यात पांधणीत पाणी थांबलं नाही. काल बापूंची बंडी खत घेऊन गेली, मी मागून सायकलीवर. बापूंनी मान वळवून पाहिलं आणि म्हणाले, "घंटी वाजवा ना भाऊ, बाजूला होतो." मी म्हटलं, राहू द्या बापू, आता बाजूनं जागा आहे.

मंडळी, टेप घ्या आणि आपली पांधण एकदा मोजा. किती भरली ते खाली लिहा. कमी भरली तर कोणाकडून, तेही स्वतःला विचारा. साखर माझी उतरली, पण औषध अजून चालू आहे.