अरेत्सोची लांबत जाणारी संध्याकाळ

इटलीच्या तोस्काना प्रांतातील अरेत्सो हे टेकडीच्या उतारावर वसलेले शहर सोन्याच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध आहे. 1926 साली येथे ‘उनोआएर्रे’ हा कारखाना उभा राहिला आणि पुढे सोनसाखळ्या घडविणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांचे जाळे शहराभोवती पसरले. ‘ओरोअरेत्सो’ हे दागिन्यांचे प्रदर्शन मे महिन्यात भरते. त्यामुळे सराफी व्यापारातील पाहुण्याला हे शहर भेटते ते वसंत सरून ग्रीष्म लागण्याच्या संधिकाळात.

या दिवसांत घराघरांतील लोकरी कपडे पेट्यांत जातात आणि सुती कपडे बाहेर निघतात. बाजारातून आर्टिचोक दिसेनासे होते. त्याच्या जागी कोवळा मटार, वालपापडीहून जाड अशा फावाच्या शेंगा, झुकिनीची पिवळी फुले आणि मेअखेरीस चेरी येते. जूनच्या पूर्वार्धात शाळांना सुट्टी लागते, ती थेट सप्टेंबरच्या मध्यापर्यंत.

दुपारी एकच्या सुमारास बहुतेक लहान दुकानांची शटरे खाली येतात. कुटुंब एकत्र जेवते, खिडक्यांच्या लाकडी झडपा उन्हाला अडवतात आणि साडेतीन-चारनंतर व्यवहार पुन्हा सुरू होतो. मोठ्या बाजारपेठा हल्ली दिवसभर उघड्या असतात. तरीही गल्लीतील दुकानदाराने ही विश्रांती सोडलेली नाही. शेजारीही बंद असल्याने गिऱ्हाईक तुटण्याची धास्ती कमी. सायंकाळी सारे गाव ‘कोर्सो इतालिया’ या चढाच्या रस्त्यावर फेरफटका मारते.

व्यापारातील खरा स्नेह मात्र भोजनाच्या मेजावर जुळतो आणि जैन पाहुण्याची कसोटीही तेथेच लागते. इटालियन रश्शाचा पाया बहुधा कांदा, गाजर व सेलरी यांचा असतो. मेमध्ये कच्च्या फावासोबत मेंढीच्या दुधाचे ‘पेकोरिनो’ चीज आवडीने खातात. परंतु ते विरजण्यासाठी बहुधा वासराच्या अथवा कोकराच्या जठरातील द्रव्य वापरतात, म्हणून ते वर्ज्य. ताज्या पास्त्यात अंडे असू शकते. वाळवलेला साधा पास्ता मात्र सामान्यतः केवळ गव्हाचा रवा व पाणी यांचा असतो. टोमॅटो, तुळशीच्या कुळातील बेझिल आणि ऑलिव्ह तेल एवढ्यावर तो उत्तम होतो. आधी नम्रपणे सांगितले, तर यजमानही आनंदाने तसा करून देतो.

त्याहून अवघड प्रश्न वेळेचा. येथील उपाहारगृहे रात्रीच्या जेवणासाठी साधारण साडेसातला उघडतात. डिसेंबरात सूर्य पावणेपाचच्या आधीच मावळतो. रात्रिभोजनत्यागाचा नियम पाळणारा पाहुणा तेव्हा यजमानासोबत बसतो, पण त्याच्यापुढील पान रिकामे राहते. मार्चच्या अखेरच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे सरकतात आणि सूर्यास्त साडेसातच्या आसपास येतो. मेच्या मध्यावर तो साडेआठला, तर जूनच्या उत्तरार्धात नऊला काही मिनिटे कमी असताना होतो. तेव्हा साडेसातला पहिला घास घेणाऱ्या चौविहारी पाहुण्याला जेवण व पाणी आटोपण्यास सुमारे तासभर किंवा त्याहून अधिक अवधी मिळतो. यजमानाला आपली रीत मोडावी लागत नाही, पाहुण्याला आपले व्रत. नियमाची गाठ सूर्याशी असल्याने ऋतूच दोघांना एका पंगतीला बसवितो.

ऑगस्टनंतर ही सवलत झपाट्याने आटते. त्या काळात कामानिमित्त जाणाऱ्याने भेटीचे निमंत्रण दुपारचे स्वीकारावे. एक वाजताचे जेवण तेथे आजही घरगुती, सावकाश आणि मानाचे असते. त्या मेजावर पाहुण्याचे पान रिकामे राहण्याचे कारण उरत नाही.