समोरच्या गच्चीवरचा टायगर

फजरला उठले की समोरच्या गच्चीवरून साखळीचा आवाज येतो. टायगर उभा राहतो, दोन पावलं टाकतो आणि थांबतो. साखळी तेवढीच आहे.

लॅब्रडॉर जातीचा कुत्रा. काकूंच्या मुलाने हौसेने आणला, तेव्हा गल्लीतली सगळी पोरं त्याच्याभोवती असायची. मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि टायगर गच्चीवर गेला. यंदाच्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीची जेवढी सावली पडेल तेवढीच त्याची. भांडं बहुतेक वेळा रिकामं. रात्री तो भुंकत नाही, रडतो.

तक्रार करावी का? फळ्यावर अर्जाचे नमुने लिहून देणारी मी, मला हा अर्ज सुचेना. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा 1960 चा कायदा काढून वाचला. आखूड साखळी, अन्नपाणी आणि निवारा न देणं, हे कलम 11 प्रमाणे गुन्हे आहेत. कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवलं नाही तर तोही गुन्हा, असं चक्क कुत्र्याचं नाव घेऊन लिहिलंय. पहिल्या वेळी दंड 10 ते 50 रुपये. आमच्याकडे रिक्षाला याहून जास्त लागतात.

पण अडचण दंडाची नव्हती. आमचे हे म्हणाले, "अर्जाखाली नाव कुणाचं असेल? उद्या गल्लीत एवढंच उरेल, मुसलमानांना कुत्रं चालत नाही म्हणून हटवलं."

ते चुकीचं बोलत नव्हते. आम्ही कुत्रा घरात ठेवत नाही. कपड्याला लाळ लागली तर तो धुतल्याशिवाय नमाज पढत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच हदीसच्या पुस्तकांत एका बदनाम बाईची गोष्ट आहे. तिने तहानेने मरायला टेकलेल्या कुत्र्याला आपल्या जोड्यातून पाणी पाजलं आणि अल्लाहने तिला माफ केलं. मांजर बांधून उपाशी मारणारी बाई जहन्नममध्ये गेल्याचंही आहे. हे मात्र कमी लोकांना ठाऊक असतं. आमच्यातसुद्धा मुलांना लाळेचा नियम आधी शिकवतात, ती बाई नंतर, कधीतरी.

निनावी फोन करावा असंही मनात आलं. पण वर्गात निनावी चिठ्ठी आली की मी जे भाषण देते ते आठवलं.

शेवटी रविवारी काकूंकडे गेले. फराळ आणि शीरखुर्म्याची देवाणघेवाण वीस वर्षांची. पण ताटावर रुमाल झाकून दारात जेवढं बोलता येतं, तेवढंच आम्ही बोललो होतो.

"आवाजाचा त्रास होतो ना टीचर तुम्हाला?" त्यांनीच विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं, "नाही काकू, त्रास त्याला होतोय."

त्या गप्प झाल्या. मग उजवं मनगट पुढे केलं. हिवाळ्यात फिरवायला नेताना त्याने हिसका दिला, जिन्यात पडल्या, हाड मोडलं. तेव्हापासून गच्चीच्या दारातूनच भाकरी टाकतात. पाण्याची बादली उचलवत नाही. "पोराला सांगते, तो म्हणतो सुट्टीत येतो."

प्लास्टर मी पाहिलं होतं. कशामुळे, ते विचारलं नव्हतं. इतके महिने त्यांना मनातल्या मनात निर्दय ठरवून मोकळी झाले होते.

आता सकाळी मी दोन बादल्या पाणी वर पोचवते. संध्याकाळी माझा नववीतला मुलगा त्याला फिरवतो. त्याचे वेगळे कपडे फाटकाशी टांगलेले असतात. सासूबाई कुरकुरतात, पण कालची उरलेली चपाती त्यांनीच बाजूला ठेवली होती.

साखळी अजून तीच आहे. काकूंच्या मुलाला फोन केला. "टीचर, तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" असं अगदी अदबीने म्हणाला. पावसाआधी गच्चीवर पत्रा टाकतो, लांब साखळी आणतो, असंही म्हणाला.

आज 5 जून. दुपारपासून आभाळ भरून आलंय. अर्ज लिहून टेबलाच्या खणात ठेवलाय. खाली माझं पूर्ण नाव आहे, सही आहे. तारखेची जागा तेवढी मोकळी सोडली आहे.