नाताळचं ताट

डिसेंबर उजाडला की मला तीन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "तुम्ही मूळच्या गोव्याच्या का?" दुसरा, "केकमध्ये अंडं असतं का हो?" आणि तिसरा, जरा आवाज उतरवून, "घरी वाइन करता म्हणे?"

तिन्हींची उत्तरं आधीच देऊन टाकते. नाही. असतं. आणि अजिबात नाही. आमच्या आजोबांच्या धाकातल्या घरात द्राक्षाच्या सरबताकडेसुद्धा जरा संशयानंच बघितलं जायचं.

पहिला प्रश्न विचारणाऱ्याची तशी चूक नाही. बेळगावहून घाट उतरला की गोवा आलाच. 'नाताळ' हा शब्दही आपण पोर्तुगीजांकडूनच उचललेला. त्यामुळे ख्रिस्ती म्हटलं की डिसोझा नाहीतर फर्नांडिस आणि तोंडात कोंकणी, असं एक चित्र ठरून गेलेलं आहे. आमचं आडनाव ऐकल्यावर लोक आणखीच गोंधळतात, कारण तेच आडनाव पलीकडच्या गल्लीतल्या तालमीच्या वस्तादांचंही आहे. आम्ही नगरकडचे. म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे. अमेरिकन मिशनची माणसं १८३१ साली नगरला आली आणि पुढे तिथल्या खेड्यापाड्यांतून जी कुटुंबं ख्रिस्ती झाली, त्यांतलंच एक आमचं. आजोबा शाळामास्तर होऊन बेळगावात आले आणि इथलेच झाले. आमच्या घरात बोलणं मराठी, प्रार्थना मराठी, भांडणंही मराठीच. देवाला आपलं मराठी कळतं की नाही याबद्दल घरात कुणाला कधी शंका आली नाही. बसच्या कंडक्टरबद्दल मात्र यायची.

आता मराठी घर म्हटल्यावर नाताळला काय होणार? करंज्या, शंकरपाळे, चकल्या, चिवडा, बेसनाचे लाडू. केक होताच, पण तो पाहुण्यासारखा. आई मैदा, साखर, लोणी, अंडी सगळं मोजून कँपातल्या एका बेकरीत घेऊन जायची, बेकरीवाला आपल्या भट्टीत भाजून द्यायचा आणि आम्ही भावंडं तो गरम डबा आळीपाळीनं पोटाशी धरून थंडीतून घरी आणायचो. पण घराला वास यायचा तो तळणीचाच. लोकांच्या डब्याच्या तळाशी दिवाळीचं शेवटचं शंकरपाळं मऊ पडलेलं असायचं, तेव्हा आमच्याकडे तेल तापायचं. शाळेत माझ्या डब्यातली चकली बघून एका मैत्रिणीनं निरागसपणे विचारलं होतं, "दिवाळीची एवढी उरली?"

आईची एक यादी असायची. कॅलेंडरच्या नोव्हेंबरच्या पानामागे पेन्सिलीनं लिहिलेली, एकोणीस घरांची. दिवाळीत ज्या ज्या घरातून आमच्याकडे ताट आलं, त्या प्रत्येक घरी नाताळात आमचं ताट जायचं. पंचवीस तारखेला सकाळची उपासना आटोपून आलं की नवा फ्रॉक तसाच अंगावर ठेवून मी ताटं पोचवायला निघायची. वर क्रोशाचा रुमाल. रिकामं ताट परत द्यायचं नसतं हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे येताना त्यात साखर असायची, नाहीतर तांदूळ, एखाद्या घरून कुंदा. एका आजोबांना घरात काहीच सापडेना, तेव्हा त्यांनी ताटात गंभीरपणे चार आणे ठेवले होते. ते मी आईला दाखवले नाहीत.

यादीत पहिलं नाव समोरच्या काकूंचं. त्यांचं घर सोवळ्याओवळ्याचं. ताट मात्र त्या दोन्ही हातांनी घ्यायच्या, "आईला म्हणावं, फार छान केलंय हो" असं न चाखताच म्हणायच्या आणि ताट धुऊन, पुसून, साखर घालून परत द्यायच्या. मी बारा वर्षांची असताना रुमाल परत आणायला विसरले म्हणून पुन्हा त्यांच्याकडे गेले. पुढचं दार लोटलेलं होतं म्हणून मागच्या दारी गेले, तर त्यांच्या भांडीवाल्या बाईंच्या पदरात आमच्या करंज्या पडत होत्या. सगळ्या. लाडू आधीच गेले होते. काकूंनी मला पाहिलं नाही. मी रुमाल न घेताच परत आले.

घरी येऊन मी आईपुढे जो काही तांडव केला, तो नाताळच्या दिवशी शोभणारा नव्हता. "पुढच्या वर्षी त्यांना ताट द्यायचं नाही!" असा निकालही देऊन टाकला. आई चहा गाळत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "करंज्या फुटल्या होत्या का गं?"

"आई!"

"नाही, फुटलेल्या एक-दोन गेल्या होत्या, म्हणून विचारलं." मग म्हणाली, "ताट द्यायचं आपण. खायचं कुणी, ते त्यांचं त्या बघतील. त्या बाईंच्या पोरांनी खाल्ल्या ना? मग झालं."

हे म्हणणं मला तेव्हा पटलं नाही. खरं सांगायचं तर पुढेही पुष्कळ वर्षं पटलं नाही. त्या सुट्टीत आईनं माझ्या हातात लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' ठेवलं. मी काहीतरी उपदेश मिळणार म्हणून नाक मुरडत उघडलं आणि हसून हसून वाचलं. नवरा, म्हणजे नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाला. पण लक्ष्मीबाईंनी त्यानंतर कितीतरी काळ आपलं सोवळं, आपलं वेगळं पाणी, वेगळी चूल सांभाळली. ज्या माणसावर जीव, त्याच्या हातचं पाणी चालेना! स्वतः बाप्तिस्मा घ्यायला त्यांना आणखी पाचेक वर्षं लागली. समोरच्या काकूंना मी एका दुपारचा अवधी दिला होता.

अर्थात एवढ्यानं मी सुधारले नाही. पुढच्या नाताळात काकूंच्या दारापर्यंत ताट न्यायचं काम माझ्याकडेच होतं. जिन्यात बसून मी त्यातल्या दोन करंज्या खाऊन टाकल्या. 'नाहीतरी त्या खाणार नाहीतच' हा माझा युक्तिवाद. पाप लहान की मोठं हे अजून ठरवता आलेलं नाही; पण त्या रविवारी उपासनेत पापकबुलीच्या वेळी डोळे मिटले की मला फक्त करंज्याच दिसत होत्या.

आता तुम्हाला वाटेल, आमचा नाताळ म्हणजे नुसतं खाणं. तसं नाही. गाणंही होतं. नाताळआधीच्या आठवड्यात चर्चची मंडळी रात्री घरोघरी गाणी म्हणत फिरायची. पेटी, ढोलकी, टाळ. बेळगावची डिसेंबरातली थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. कानटोपीतून आवाज फुटायला दोन घरं जावी लागत. गाणी बरीचशी टिळकांची, भजनाच्या चालीवरची. एकदा पहाटे आम्ही एका वळणावर उभे राहून गात होतो, तेव्हा दुधाला निघालेले एक आजोबा थांबले, चपला काढल्या, हात जोडून पूर्ण भजन ऐकलं आणि "कुठली दिंडी?" म्हणून विचारलं. आमचे ढोलकीवाले काका म्हणाले, "बेथलेहेमची." आजोबांनी मान डोलावली आणि गेले.

मला या उत्तराचं तेव्हा हसू आलं होतं. पुढे कॉलेजात फादर स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'बद्दल शिकले. जन्मानं इंग्रज असलेल्या या माणसानं गोव्यात बसून ख्रिस्ताची गोष्ट मराठी ओव्यांत रचली, अकरा हजारांच्या घरात, आणि ती १६१६ साली राशोलला छापली गेली. तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता. म्हणजे काकांची दिंडी निघाली होती ती चांगलीच जुनी. आणि लोक आम्हाला विचारतात, "तुमची प्रार्थना इंग्लिशमध्ये असते ना?"

नाटकही असायचं. दरवर्षी तेच, आणि दरवर्षी त्यात काहीतरी बिघडायचं. मागी लोक तीन होते असं बायबलमध्ये कुठंही लिहिलेलं नाही, भेटी मात्र तीन: सोनं, ऊद आणि गंधरस. पण चर्चमध्ये पडद्याच्या कापडाचे झगे तीनच होते, म्हणून मागीही तीनच. मेंढपाळ मात्र आमचे एकदम अस्सल. खांद्यावर खरी घोंगडी, ती धनगराकडून आणलेली, वासासकट. मी सलग चार वर्षं मेंढरू होते. बाळ येशूला ठेवायला गव्हाण कुणीतरी खरोखरच्या गोठ्यातून आणायचं. माझ्या मुलीच्या वर्गात 'मँजर' सगळ्यांना माहीत आहे. गव्हाण म्हणजे काय, हे तिला फोटो दाखवून सांगावं लागलं.

आणि चांदणी. घरावर टांगायची चांदणी पपा स्वतः करत. कामट्या, पतंगाचा कागद, खळ, आत झिरोचा बल्ब. करायची पद्धत आकाशकंदिलाचीच, फक्त कोन पाच. अजून करतात. चौऱ्याऐंशी वय आहे, हात थरथरतो, त्यामुळे हल्ली एक कोन जरा वाकडा होतो.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये आई गेली.

आमच्यात सुतक नसतं. वर्षभर सण करायचा नाही असंही काही नसतं. पाळकसाहेब डिसेंबरात येऊन मुद्दाम सांगून गेले की आई प्रभूजवळ आहे, नाताळ आनंदानं करा, तिला तेच आवडेल. सगळं खरं होतं, आणि माझा त्यावर विश्वासही आहे. पण कढईला ते कोण सांगणार? वीस तारखेला मी मैदा चाळायला घेतला, खोबरं किसायला काढलं आणि परत डब्यात भरून ठेवलं. यादीचं पान काढलं, ते आईच्या अक्षरात. खाली तिनं बारीक लिहिलं होतं, 'करंज्या फुटक्या नकोत.' मी कॅलेंडर भिंतीला उलटं टांगलं आणि बेकरीतून एक केक आणून विषय संपवला. पपांनी काही विचारलं नाही. त्यांनी चांदणी तेवढी लावली.

चोवीस तारखेला संध्याकाळी बेल वाजली. दारात समोरच्या काकू. आता त्या ऐंशीच्या पुढे आहेत, जिना उतरून, रस्ता ओलांडून परत आमचा जिना चढायचा म्हणजे त्यांना मोहीमच. मागे नातू, त्याच्या हातात ताट. वर रुमाल. रुमाल क्रोशाचा, आणि तो आमचाच होता, माझा राहून गेलेला.

"वर्षाच्या आत घरात तळण काढत नाहीत," त्या धापा टाकत म्हणाल्या. "अशा घरी शेजाऱ्यांनी द्यायचं असतं. दिवाळीत आणणार होते. मग म्हटलं, यांची दिवाळी आता. म्हणून थांबले."

मी ताट घेतलं. दोन्ही हातांनी. काय बोलावं ते सुचेना, म्हणून म्हटलं, "काकू, आमच्यात तसं काही पाळत नाहीत."

"माहितीय गं. मग तू तळलंस का?"

मी गप्प.

"बघ की." त्या पपांच्या खुर्चीशेजारी टेकल्या. "खोबऱ्याच्याच केल्यात. तुझ्या आईसारख्या नाही झाल्या. तिचा जायफळाचा हात सढळ होता. मला एवढं चालत नाही, घशाशी येतं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आता जायफळ वासानंही कळतं म्हणा. कुणी सांगितलंही असेल. विचारावं असं अगदी जिभेवर आलं होतं, पण पपा करंजी हातात घेऊन डोळे मिटून बसले होते. आधी मला वाटलं प्रार्थना करताहेत. नंतर बघितलं तर चावत होते.

माझी मुलगी त्या दिवशीच बेंगळुरूहून आली होती. तिनं काकूंना वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "आजी, तुम्हाला नाताळ म्हणजे काय ते माहितीय?" आगाऊपणाच, पण काकूंना राग आला नाही. "त्या बाईला दिवस भरलेले आणि कुणी घरात घेतलं नाही. तुझ्या आजीनं सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. काकू रुमालाच्या घड्या घालत होत्या.

निघताना मी ताट धुऊन पुसलं. रिकामं द्यायचं नसतं. साखरेचा डबा काढला आणि मूठभर साखर घातली. काकूंनी ताटात डोकावून बघितलं.

"एवढंच? केक नाही आणला यंदा?"

"आणलाय. पण काकू, अंडं आहे त्यात."

"मग मला नकोच." त्यांनी ताट नातवाकडे दिलं आणि जिन्याचा कठडा धरला. "याला दे की. हा बाहेर सगळं खातो, मला काय माहीत नाही होय!"

नातवानं माझ्याकडे बघितलं. मी दोन मोठे तुकडे कापले आणि साखरेवर ठेवले.