जांभळी पिशवी

पलंगाच्या कडेला लटकणाऱ्या लघवीच्या पिशवीकडे सहसा कुणी निरखून पाहत नाही. पाहुणे नजर वळवतात. आजीला संकोच नको म्हणून घरचेही तिच्यावर टॉवेल टाकून ठेवतात. मला तो टॉवेल खटकतो. ज्याला आपलं दुखणं धड सांगता येत नाही, त्याची खबर कितीदा तरी याच पिशवीतून आधी लागते.

फिकट पिवळा रंग असला की बरं वाटतं. गडद झाला तर बहुधा पाणी कमी पडतंय. क्षयाच्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवी नारिंगी होते, त्याची धास्ती नको. लाल किंवा काळपट दिसली, तर मात्र डॉक्टरांना लगेच फोन.

आणि कधीतरी पिशवी जांभळी होते, जांभळाचा रस भरून ठेवावा तशी. घरातली माणसं हबकतात. १९७८ मध्ये बार्लो आणि डिक्सन या संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याची नोंद केली. अन्नातल्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन असतं. आतड्यातले जिवाणू त्याचं इंडोल करतात, यकृत त्याचं रूप बदलतं आणि ते लघवीत उतरतं. तिथे लघवीच्या नळीत (कॅथेटरमध्ये) ठाण मांडून बसलेले प्रोटिअस, क्लेब्सिएला, प्रॉव्हिडेन्सियासारखे जिवाणू ते फोडतात. त्यातून निळा इंडिगो आणि लाल इंडिरुबिन तयार होतात, आणि दोन्ही मिळून प्लास्टिकवर जांभळा रंग चढवतात. जीन्स रंगवतात तोच हा इंडिगो! शरीराची ही किमया मला दर वेळी थक्क करते. पोट साफ होत नसेल तर आतड्यातल्या जिवाणूंना जास्त अवधी मिळतो, म्हणून अंथरुणाला खिळलेल्या, बद्धकोष्ठ असलेल्या वृद्ध बायकांमध्ये हे अधिक दिसतं.

रंग स्वतः अपाय करत नाही, पण लघवीत जंतू वाढल्याचं तो सांगतो. म्हातारपणी जंतुसंसर्गात ताप येईलच असं नाही. माणूस नुसता गुंगीत राहतो, असंबद्ध बोलतो, घास तोंडात धरून बसतो, आणि आपण म्हणतो, वय झालं. इथेच घात होतो.

रुग्णाची काळजी घेणाऱ्या एका मावशींना मी पाहिलंय. पिशवी रिकामी करण्याआधी त्या वाकून, तिला वर न उचलता, खिडकीचा उजेड पडेल अशी फिरवून बघत. रंग, गढूळपणा, तळाचा साका. मग वहीत किती मिली ते लिहीत आणि सुनेला विचारत, “ताई, आजींना परसाकडला कधी झाली होती?” पिशवी मूत्राशयाच्या वर गेली तर लघवी उलटी जाते, हे त्यांना कुणी शिकवलं होतं की अनुभवाने कळलं होतं, कोण जाणे.

पिशवी जांभळी झाली की डॉक्टर तपासून, गरज असेल तर लघवीचं कल्चर करून प्रतिजैविकं देतात, पोट साफ होण्याचं बघतात, नळी आणि पिशवी बदलतात. घरच्यांनी त्यांना आणखी एक विचारावं: ही नळी अजून ठेवायलाच हवी का? पुष्कळदा ती घातली तेव्हाचं कारण केव्हाच संपलेलं असतं.