जुन्या रुळांवर

आमच्या घरातील संगणकावर आजही विंडोज सेव्हन नांदते आहे. ही प्रणाली बाजारात आली २००९ च्या ऑक्टोबरात. आणि १४ जानेवारी २०२० रोजी, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी, सामान्य ग्राहकांसाठी तिची देखभाल थांबली. तेव्हापासून जग तिला गतप्राण समजते. आमच्या घरी मात्र ती रोज पहाटे साडेसहाला उठते, कारण तीर्थरूप दादा त्या वेळी लिहावयास बसतात.

दादांचे वय सत्त्याहत्तर. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या आठवणी लिहावयास घेतल्या, त्यांची आता चारशेच्या वर पाने झाली आहेत. ज्या मराठी लेखनसाधनावर ते लिहितात ते युनिकोडच्या पूर्वीच्या रीतीचे आहे. त्यात रोमन अक्षरांच्या जागी मराठी वळणे बसविलेली असतात. म्हणून तो मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की रोमन चिन्हांची खिचडी तेवढी दिसते. रूपांतर करून देणारी साधने आहेत, नाही असे नाही. परंतु रफार आणि जोडाक्षरे अशी काही विस्कटतात की प्रत्येक पान नव्याने तपासावे लागावे, आणि दादांच्या डोळ्यांना ते आता झेपणारे नाही. त्यातून आमच्याकडील साधनाची आवृत्ती सेव्हनच्या पुढे यावयास तयार नाही. तेव्हा सेव्हन राहणार, हा आमच्या घरचा ठराव.

या ठरावास यंदाच्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या आमच्या भाच्याने आव्हान दिले. "मामा, तू अजून सेव्हन वापरतोस?" या प्रश्नात अचंबा अधिक होता की करुणा, हे सांगणे कठीण. त्याला 'राजी' नावाचा खेळ खेळावयाचा होता. हा खेळ पुण्याच्याच नॉडिंग हेड्स या मंडळींनी रचलेला, २०२० साली प्रसिद्ध झालेला. राक्षसांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली एक डोंबारी मुलगी, आणि तिची कथा सांगणारे साक्षात दुर्गा व विष्णु! पुण्याच्या मुलाने पुण्याचा खेळ जबलपुरास आणावा आणि तो आमच्या दारात अडावा, हे आम्हांसही बरे वाटेना.

जयंती कॉम्प्लेक्समधील एका दुरुस्तीवाल्यास विचारले. तो म्हणाला, "भाईसाहब, अब इसे विदा कीजिए." असे सल्ले देणाऱ्यांस पैसे दुसऱ्याचे खर्च व्हावयाचे असतात. विंडोज टेन घ्यावे, तर तिची देखभालही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेली. इलेव्हन घ्यावे, तर तिला टीपीएम नावाची सुरक्षा-चकती आणि अलीकडचाच प्रोसेसर हवा. आमच्या यंत्रात दोन्ही नाहीत.

खेळ अडतो तरी कोठे, हे पाहू गेलो तेव्हा मौज वाटली. कोणताही कार्यक्रम स्वतः फारसे काही करीत नाही. फाइल उघड, वेळ सांग, पडद्यावर रंग भर, अशी शेकडो कामे तो प्रणालीकडे नावानिशी मागतो. नव्या प्रणालींत अशी काही नवी नावे आली. नवे कार्यक्रम ती मागतात, आणि सेव्हनच्या यादीत ते नावच नसल्यामुळे कार्यक्रम उंबरठ्यावरच कोसळतो. पुष्कळदा त्या एका नावावाचून त्याचे फारसे अडणारही नसते. खेळांच्या दुकानांचेही असेच. स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून सेव्हनला निरोप दिला, कारण तिच्या पोटात क्रोम ब्राउझर आहे आणि क्रोमने सेव्हनला २०२३ सालीच सोडले होते. एकाने हात सोडला की साखळीतील सारेच सोडतात.

आमच्या पडद्यावरही अशीच एक चौकट उमटली: अमुक नाव 'कर्नेल३२' मध्ये सापडत नाही. यावर 'व्हीएक्सकेक्स' नावाचे एक विनामूल्य साधन आहे. कार्यक्रम आणि प्रणाली यांच्यामध्ये उभे राहून ते उणी असलेली नावे स्वतः पुरविते. ज्या कार्यक्रमावर खूण करावी त्याच्यापुरतेच. डायरेक्टएक्स १२ मागणारे खेळ मात्र त्याने बहुधा साधत नाहीत.

दादांस हे समजावून सांगताना आम्ही गोंदियाच्या गाडीचा दाखला दिला. जबलपूर-गोंदिया हा अडीच फुटी रूळमार्ग जबलपूरच्या बाजूने २०१५ साली बंद झाला आणि त्या जागी साडेपाच फुटी रूळ आले. पूर्वी गोंदियास उतरले की ट्रंका-वळकट्या हमालाच्या डोक्यावर देऊन मुंबई-हावडा मार्गाची मोठी गाडी गाठावी लागे. "म्हणजे हा तुमचा केक्स हमाल झाला," दादा म्हणाले. मग थोडे थांबून, "माझी पाने तर हलवणार नाही ना तो?"

हा प्रश्न ऐकल्यावर आम्ही त्या दिवशी पुढे गेलोच नाही. आधी सगळ्या पानांच्या तीन प्रती केल्या. एक पेटीत, एक कचेरीच्या पिशवीत, एक भाच्याबरोबर पुण्यास जावयाची. एक प्रकरण मुद्दाम उघडून दादांस दाखविले. दुसऱ्या दिवशी साधन बसविले, खेळ उतरविला, आणि काम होताच जाळ्याची तार काढून ठेवली. ज्या घराची कुलपे पाच वर्षांत कोणी तपासली नाहीत त्याचे दार रस्त्यावर उघडे टाकू नये.

खेळ चालला. चित्रे सर्वांत खालच्या प्रतीची ठेवावी लागली आणि मोठ्या लढाईत पडदा अडखळे, पण भाच्याची तक्रार नव्हती. वेळेचीही वाटणी झाली: सकाळी नऊपर्यंत आजोबा, दुपारी नातू. चौथ्या दिवशी आम्ही कचेरीतून आलो तेव्हा दादा खुर्ची ओढून त्याच्या मागे बसले होते. "अरे, त्या पोरीचा भाऊ सापडला का?" त्यांनी विचारले. "आजोबा, तुम्ही मध्ये बोलू नका, मी मरेन," भाचा म्हणाला.