मेलवर लिहू नको, फोन कर

परवा संध्याकाळी चाकणच्या तळेगाव चौकात पाऊण तास अडकलो होतो. नेहमीचंच. पुढे कंटेनर, मागे कंपनीची बस. गाडी बंद केली आणि एका जुन्या मित्राला फोन लावला. आमच्याच खेड तालुक्यातला. पुण्यात एलएलबी केलं, राजगुरुनगरच्या कोर्टात चार-पाच वर्षं काढली, मग संसार वाढला तसा एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत लीगल ऑफिसर म्हणून लागला. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याचं तर नाहीच. म्हटलं, नवीन लेबर कोडबद्दल चार ओळी व्हॉट्सॲप कर ना, बातमीला लागतात. तर म्हणाला, "लिहून काही मागू नको भावा. आता आमच्याकडे सगळं फोनवर."

मी हसलो. तो हसला नाही.

कारण ३१ ऑक्टोबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. विनोद चंद्रन आणि न्या. अंजारिया यांचा. प्रकरण मुळात वेगळं होतं. आरोपीला सल्ला दिला म्हणून तपास यंत्रणा वकिलांनाच समन्स काढायला लागल्या होत्या, अरविंद दातारांसारख्या ज्येष्ठ वकिलालाही ईडीची नोटीस गेली होती. कोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि वकिलांना संरक्षण दिलं. पेपरात हेडिंग तेच आलं, मीही तेच लावलं. पण त्याच निकालात पुढे आणखी एक गोष्ट होती. कंपनीच्या पगारावर असलेल्या वकिलाला हे संरक्षण नाही. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३२ कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या ॲडव्होकेटसाठी आहे, नोकरीतल्या माणसासाठी नाही. कंपनीच्या बाहेरच्या वकिलाशी त्याने जे बोलणं केलं ते कलम १३४ खाली झाकलेलं राहील, पण मालकाला त्याने स्वतः जे लिहिलं ते नाही.

म्हणजे साध्या भाषेत, मित्राने मॅनेजरला केलेला मेल उद्या कुणी मागितला तर "हा वकिलाचा सल्ला आहे, दाखवणार नाही" असं कंपनीला म्हणता येणार नाही.

आता यात एक गंमत आहे, गंमत कसली म्हणा. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिलाला पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी धरली की बार कौन्सिलला कळवून प्रॅक्टिस थांबवायची. तशी त्याने थांबवली. काळा कोट कपाटात. म्हणजे तो वकील नाही. मग कामगार आहे का? तेही नाही. मुइर मिल्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००६ सालीच सांगितलंय की कंपनीचा लीगल असिस्टंट 'वर्कमन' मध्ये बसत नाही. म्हणजे उद्या काढून टाकला तर लेबर कोर्टाचं दारही बंद. तिसरा पर्याय व्हिसलब्लोअरचा. २०१४ चा कायदा संसदेने पास केला, तो अजून लागूच केलेला नाही, आणि तोही सरकारी कारभारातल्या भ्रष्टाचारापुरता. कंपनी कायद्यात लिस्टेड आणि काही मोठ्या कंपन्यांना 'व्हिजिल मेकॅनिझम' ठेवावं लागतं. चाकणमधल्या दोन नंबर-तीन नंबरच्या सप्लायरला त्याचा स्पेलिंगसुद्धा माहीत नसेल.

हे मला का लागतंय ते सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच्या आधीच्या नोकरीतली. तिथे एका पॉवर प्रेसचा सेन्सर बायपास केलेला होता. प्रेस शॉपवाल्यांना माहीत असेल, मध्ये हात गेला की मशीन थांबावं म्हणून सेन्सर असतो, पण त्याने स्पीड कमी होतो, टार्गेट बसत नाही. मग कुणीतरी वायर जोडून देतो. मित्र राउंडला गेला तेव्हा ठेकेदाराच्या एका पोराने त्याला सहज बोलता बोलता सांगितलं. यानं वर येऊन मेल टाकला. तारीख, मशीन नंबर, फॅक्टरी ॲक्टचं कलम २१, सगळं. प्लांट हेड, एचआर, मेंटेनन्स, सगळ्यांना. उत्तर आलं नाही. काही महिन्यांनी त्याच मशीनवर एका पोराची दोन बोटं गेली. मराठवाड्यातला होता, खराबवाडीत खोली करून राहायचा.

तेव्हा मित्राने मला फोन केला होता. मी म्हटलं, तो मेल दे, उद्याच्या पानावर घेतो. तो नाही म्हणाला. मी भडकलो. म्हटलं मग फोन कशाला केलास? बातमी कागदाशिवाय छापत नाही आमचा पेपर. शेवटी सहा ओळी छापल्या, 'कामगार जखमी'. बस.

पण मेल आत फिरला. ऑफिसच्या चौकशीत प्रश्न आला तो सेन्सरचा नाही. प्रश्न आला की "हे लिहायची काय गरज होती?" सेन्सर काढणाऱ्याला कुणी विचारलं नाही, लिहिणाऱ्याला विचारलं. सहा महिन्यांत त्याने ती नोकरी सोडली. सोडायला लावली म्हणा.

आता निकालाबद्दल माझं मत विचाराल तर सरळ सांगतो, पत्रकार म्हणून मला तो वाईट वाटत नाही. कंपनीचा प्रत्येक कागद लीगल ऑफिसरच्या सीसीतून फिरवायचा आणि मग 'गोपनीय सल्ला' म्हणून झाकायचा, ही युक्ती जुनी आहे. त्या पोराच्या बाजूने उद्या कोण लढलं असतं तर तो मेल बाहेर येणंच गरजेचं होतं. युरोपच्या कोर्टानेही २०१० मध्ये अक्झो नोबेलच्या केसमध्ये हेच म्हटलं होतं, की पगार घेणारा वकील मालकापासून स्वतंत्र नसतो. आपल्या मुंबई हायकोर्टाने मात्र ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला महापालिकेच्या एका खटल्यात उलट म्हटलं होतं, पगारी कायदा सल्लागारालाही इतरांसारखंच संरक्षण. अमेरिकेतही ते मिळतं. दोन्ही बाजूंना अर्थ आहे.

माझी अडचण वेगळी आहे. मेल उघडा होणार हे कळल्यावर मेल लिहिलाच जात नाही. मग कंपनीचं गुपितही राहिलं आणि इशाऱ्याचा पुरावाही गेला. मालकाचं काही बिघडत नाही, त्याला पाहिजे तसंच झालं. ज्याच्या बोटांचा प्रश्न आहे त्याच्या हातात काही उरत नाही, आणि ज्याने आधी सांगितलं होतं त्याच्याही. तळवड्यात डिसेंबर २०२३ मध्ये केकवरच्या फुलबाज्यांच्या विनापरवाना कारखान्याला आग लागली, बायका जळून गेल्या. अशा शेडमध्ये लिहिणारा माणूसच नसतो. जिथे असतो, तिथे निदान त्याने लिहावं अशी सोय पाहिजे की नको?

आणि वेळ बघा. निकालानंतर तीन आठवड्यांत, २१ नोव्हेंबरला, चारही लेबर कोड लागू झाले. २९ जुने कायदे गेले. बेसिक कमी आणि भत्ते जास्त दाखवायची जी सवय इथे सगळ्यांना आहे, ती आता पन्नास टक्क्यांच्या नियमात अडकते. फिक्स्ड टर्मवाल्याला वर्षात ग्रॅच्युइटी. नोकरी सोडली की दोन दिवसांत हिशोब. मुख्य म्हणजे 'कोअर' कामाला ठेकेदाराचा माणूस ठेवायला बंदी, काही अपवाद सोडून. चाकण-म्हाळुंगे-निघोजे पट्ट्यात असेंब्ली लाइनवर कोण उभं असतं हे मी सांगायला नको. लीगलवाल्याने लेखी मत द्यायचं असेल तर ते आत्ताच द्यायला हवं, आणि आत्ताच तो फोनवर आलाय.

तसा मीही त्याच्याच बोटीत आहे. डिप्लोमाला असताना सरांनी शिकवलं होतं, सोर्स मेला तरी सांगायचा नाही. कायद्यात बघितलं तर ते संरक्षण फक्त प्रेस कौन्सिलपुढे आहे. पोलिसांपुढे, कोर्टापुढे नाही. म्हणून ही पोस्टही मी अशी लिहिलीय की त्याचा मागमूस लागू नये. तीनदा खोडली.

चौक सुटला तेव्हा त्याला विचारलं, मग त्या ठेकेदाराच्या पोरांचं काय सांगितलंस मिटिंगमध्ये? म्हणाला, "सांगितलं ना. लाइनवरचं काम कोअरच आहे, अपवादात बसवता येणार नाही म्हटलं. सगळ्यांनी मान डोलावली."

"मिनिट्समध्ये आलं का?"

"मिनिट्स मीच लिहितो रे," तो म्हणाला. "नाही घातलं."

एचआर, लीगल, सेफ्टीमध्ये काम करणारे बरेच जण इथे आहात. तुमच्याकडे कसं चाललंय ते कळवा. कमेंटमध्ये कंपनीचं नाव टाकू नका. इनबॉक्स करा, नाहीतर फोन करा.